अकरा नंबरच्या खाटेचा श्वास

"श्वास कोनी मोजत नाही बाबा, अंदाजानं लिहून देतात."

पूर्णिमा हे म्हणाली तेव्हा हसत होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी होती, आणि आईच्या हातची वांग्याची भाजी ती तिसऱ्यांदा वाढून घेत होती. तिचा बाप प्रल्हाद घाटोळेही हसला. रायपूरबाहेर मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या एका खाजगी कारखान्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. हातोडीनं चाक ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर चाक शाबूत, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा. मग डब्यावर खडूनं 'ठीक' लिहायचं. एका डब्याला आठ चाकं, दिवसाला वीस डबे. मे महिन्यात लोखंडाजवळ उभं राहवत नाही, तेव्हा त्यानंही कितीदा नुसता खडूच चालवला होता.

"आमच्या इथंबी तसंच हाय," तो म्हणाला होता. "चालते."

पुढे हा 'चालते' त्याला पुन्हापुन्हा ऐकू येणार होता.

पूर्णिमा नर्सिंगची पदवी करायला आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात गेली, ती तिच्या मोठ्या मामामुळे. यशवंतराव आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले, रायपूरच्या शंकर नगरात स्वतःचं घर, खात्यातल्या अर्ध्या माणसांशी अजून फोनवर बोलणं. "नवी राजधानी उभी होऊन राहिली प्रल्हादराव, दवाखान्यांवर दवाखाने येतील. शिकलेली नर्स कुठून आणतील हे? पोट्टीले पाठवा, पुढचं मी पाह्यतो." पूर्णिमाच्या आईनं, सुजातानं, पंडरीच्या कापडबाजारातून पांढरं कापड आणून चार गणवेश शिवले, आणि गोल बाजारातून पत्र्याची पेटी घेतली, कुलपासकट.

तिला सोडायला प्रल्हाद गेला, तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. वसतिगृहाच्या गच्चीवर तो आणि मुलगी उभी राहिली. एवढं पाणी आणि त्याला कुठंच थांबा नाही, हे त्याला बरं वाटलं नाही. पूर्णिमाला वाटलं. तिनं डोळे मिटून वारा घेतला.

मग फोनवर तिकडच्या गोष्टी येत राहिल्या. एका खोलीत चौघी. कपडे कधी पुरते वाळत नाहीत, खारी हवा गणवेशाच्या पिनाही गंजवते, म्हणून छातीवर तपकिरी ठिपके पडतात. खाटेखाली परीक्षेसाठी आणलेली हाडांची पिशवी, तिला पाय लागला की नागपूरची स्वरदा पाया पडते. सकाळी सहाला दवाखान्याची बस. भात, आंबट डाळ, पुन्हा भात. भाषा येत नाही म्हणून पहिल्या वर्षी दोनच शब्द पाठ केले: नोप्पी म्हणजे दुखणं, ऊपिरी म्हणजे श्वास. "एवढ्यात वॉर्ड चालते बाबा. बाकी हातानं बोलतो."

श्वास मोजायची रीतही तिनंच सांगितली होती. रोग्याला कळू द्यायचं नाही. कळलं की तो वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी पाहिल्यासारखं मनगट धरून ठेवायचं, आणि डोळा छातीवर. पूर्ण एक मिनिट. पण बत्तीस खाटा आणि मुली दोन. ताप पाहायचा, नाडी पाहायची, आणि श्वासाच्या रकान्यात अठरा, वीस, अठरा, वीस. वरच्या वर्गातल्या मुली पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की सगळीकडे एकच आकडा नको, बाई ओरडतात.

शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीत एका सकाळी पूर्णिमानं अकरा नंबरच्या खाटेपुढे वीस लिहिलं.

खाटेवर मासळी विकणारी एक म्हातारी होती, पोलम्मा. दोन दिवसांपूर्वी दाखल झालेली. उशी मांडीवर घेऊन पुढे वाकून बसली होती, आणि तिनं पूर्णिमाची बाही धरून काहीतरी म्हटलं. पूर्णिमानं बाही सोडवली, हसली, हातानं 'येते' अशी खूण केली आणि बाराव्या खाटेकडे गेली. आठ वाजता सिस्टर आल्या. त्यांनी तक्ता पाहिला, अकराच्या पुढे सगळं ठीक होतं, त्या पुढे गेल्या. साडेनऊला म्हातारी उशीवर पडली. डॉक्टर धावत आले तेव्हा तिच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं, आणि ते रात्रीपासून भरत असणार. दहाच्या आत ती गेली.

तिचा मुलगा शिकलेला नव्हता, पण त्यानं एक प्रश्न बरोबर विचारला. आई रात्रभर धापा टाकत होती, मग कागदावर वीस कसे?

चौकशी बसली. कॉलेजातून प्राचार्य मॅडमचा फोन आला, तो प्रल्हादला नाही, यशवंतरावांना. मुलीला पंधरा दिवस घरी पाठवतो. तिनं आपल्या हातानं लिहून द्यावं की श्वास पूर्ण मिनिट मोजला होता आणि वीसच होता. खाली पालकाची सही. मग प्रकरण मिटेल, परीक्षेला बसता येईल. नाहीतर पदवी विसरा.

पूर्णिमा आली ती पेटी घेऊन आली, कुलूप न लावता. पहिले चार दिवस ती नीट जेवली नाही. सुजाता ताट घेऊन पाठीमागे फिरायची. "काहून असं करून राहिली? तुझ्या हातानं मेली का ते?"

"नाही आई. माझ्या हातानं ते नुसता आकडा झाली, वीस."

एवढंच बोलून ती भिंतीकडे तोंड करून बसायची. स्वरदाचा फोन आला की मोबाईल दूर धरायची, आणि पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू यायचा. "अगं पागल, सगळेच लिहितात. तू खरं सांगितलं तर आम्ही सगळ्या अडकू. त्या सिस्टरले दोन लेकरं हायेत, त्याचं काय?" पूर्णिमा ऐकून घ्यायची. तेही तिनं पोटात ठेवून दिलं, जेवणाच्या जागी.

ती काय करते ते प्रल्हादच्या लक्षात आलं रविवारी दुपारी. जेवून तो आडवा झाला होता, डोळे मिटलेले, झोप नव्हती. कुणीतरी येऊन खाली बसलं. मनगटावर दोन थंड बोटं टेकली. त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर श्वास कुठून घ्यायचा, किती सोडायचा, हेच सुचेना. सव्वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची चाकं ठोकली होती. आज कुणीतरी त्याला ठोकून पाहत होतं, आणि आपण बद्द वाजणार अशी त्याला भीती वाटली.

"बाबा, सोंग नका करू," ती हळूच म्हणाली. "श्वास बदलला."

त्यानं डोळे उघडले. ती घड्याळाकडे पाहत होती.

"सगळ्यांचे मोजते का तू?"

"हव. आईचे, बाजूच्या आजीचे. बसमध्ये होते त्या बाईचे. थांबवताच नाही येऊन राहिलं." मग घड्याळावरची नजर काढून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एखादं चाक न ठोकता सोडलं?"

"सोडलं."

"मग?"

"गेला डबा. सहा महिन्यांनी परत आला. धड होता."

तिनं बोटं काढून घेतली. त्यालाच आपलं बोलणं ऐकू आलं. दोघांनी एकच केलं होतं. त्याचा डबा परत आला होता, एवढाच काय तो फरक, आणि ह्या फरकावर तो रोज रात्री निर्धास्त झोपत होता.

शनिवारी यशवंतरावांनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. प्रल्हाद कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत तसाच आला, हाताला ग्रीस. शारदामामींनी चहा ठेवला आणि पूर्णिमाच्या केसांवरून हात फिरवून आत निघून गेल्या. टेबलावर कोरा कागद, पेन आणि पत्ता घातलेला लिफाफा. चार वाजता कुरिअरवाला दुकान बंद करणार होता.

"प्रल्हादराव, तुम्ही आधी सही करा. तुम्हाले परत जायचं हाय. मजकूर मी सांगतो, पोट्टी लिहील."

"कोऱ्यावर करू?"

"मग काय, माह्यावर भरोसा नाही का? अठ्ठावीस वर्षं कोऱ्या कागदावर सह्या करत आलो मी. त्याच्यावरच तर खातं चालते."

सुजाता ओशाळून हसली. प्रल्हादनं कागदाच्या तळाशी सही केली. अंगठ्याची काळी खूण उमटली. पुसायला गेला तर पसरली. त्याला तो खडू आठवला. सही करून त्यानं निघायला हवं होतं. तो मुलीच्या शेजारीच बसून राहिला.

यशवंतराव उठले, हात पाठीमागे बांधून खिडकीशी गेले आणि इंग्रजीत सांगू लागले, खात्यातल्या जुन्या सवयीनं, एकेक वाक्य तोलून. मी, बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी, असं लिहून देते की, त्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता मी रुग्णाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजला. तो वीस होता. रुग्ण शांत होती. तिनं कसलीही तक्रार केली नाही. मधेच ते मराठीत यायचे. "लिहिलं का? 'कसलीही तक्रार' नीट लिही, तेच मेन हाय." पूर्णिमा मान हलवायची.

प्रल्हादला बोललं जाणारं वाक्य आणि चालणारं पेन यांचा मेळ लागेना. मामाचं सांगणं लांबत होतं, आणि पेन कधीचं थांबलं होतं. कागदावर तीनच ओळी होत्या. इंग्रजी त्याला सावकाश वाचता यायचं, म्हणून त्यानं सावकाश वाचल्या.

मी मोजलं नाही. मी अंदाजानं वीस लिहिलं. ती 'ऊपिरी' म्हणाली होती, आणि तो शब्द मला येत होता.

त्याखाली तिची सही. तिच्याखाली त्याची, काळ्या अंगठ्यासकट.

त्यानं मनात हिशेब मांडला. चार वर्षं, चार गणवेश, नव्या दवाखान्यांचं मामांचं बोलणं, ती सिस्टर, तिची दोन लेकरं. अजून वेळ होता. 'थांब' एवढाच एक शब्द बोलला असता तर यशवंतराव वळले असते, कागद फाटला असता, दुसरा आला असता. सुजाता मुलीच्या दुसऱ्या बाजूला बसली होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. ती फक्त मुलीचा हात स्थिर आहे हे पाहत होती आणि त्यामुळेच तिला बरं वाटत होतं. पूर्णिमानं कागदाची घडी केली, लिफाफ्यात घातली, जिभेनं कड ओली करून दाबून धरली.

"अगं, दाखव तर पह्यले," यशवंतराव वळून म्हणाले. "चिकटवलं बी? प्रल्हादराव, तुम्ही पाह्यलं ना? काय लिहिलं तिनं?"

प्रल्हादनं आपला काळा अंगठा मुठीत घेतला.

"तुम्ही सांगितलं तेच," तो म्हणाला.

"बराबर लिहिलं?"

"बराबर."

यशवंतरावांनी मोठा श्वास सोडला, खुर्चीत बसले आणि गार झालेला चहा उचलला. "चला. सुटलो. सुजाता, आता हिले जेवू घाल चांगलं."

पूर्णिमा उभी राहिली. तिनं बापाकडे पाहिलं, पण तोंडाकडे नाही. नजर त्याच्या छातीवर टेकली आणि तिथंच राहिली. तो हलला नाही. ह्या खेपेला त्यानं काही लपवलं नाही, जसा येत होता तसा श्वास येऊ दिला, तुटका, भरभर. तिचे ओठ किंचित हलत होते. मग ते थांबले. तिनं लिफाफा ओढणीखाली धरला, उंबऱ्याशी चपला घातल्या, फाटकाची कडी काढली, आणि कुरिअरच्या दुकानाकडे उन्हात निघून गेली.