मखराखालची खोकी

पेणमध्ये माझं खेळण्यांचं दुकान होतं, रोह्यात माझ्या मित्राचं. हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम आम्ही दोघेही एकाच कंपनीकडून घ्यायचो. कंपनीची अट होती, दुकानात दुसऱ्या कुणाचा गेम दिसता कामा नये. माल मोजकाच यायचा, आणि खपायचा गणपतीत, मुंबईची पोरं गावी आली की.

त्या वर्षी पेणची पोरंसुद्धा गाडीत बसून रोह्याला जायला लागली. मित्राने स्वस्तातले चिनी गेम आणून लपवून ठेवले होते. मी एकदा त्याच्याकडे गेलो. तो चहासाठी दूध आणायला बाहेर पडला आणि मी हात धुवायला मागच्या खोलीत गेलो, तर गेल्या वर्षीच्या थर्माकोलच्या मखराखाली ती खोकी दिसली.

पेणला पोचताच कंपनीच्या माणसाला फोन केला. गणपतीच्या आठ दिवस आधी त्याने रोह्याला जाऊन थेट मखरच उचललं आणि तिथला माल बंद झाला. त्याच्या वाटची खोकी माझ्या दुकानात उतरली.

मित्राने मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला धरलं. दाजींनीच कासूहून येऊन ती खोकी लावून दिली होती, दुसऱ्या कुणाला जागा ठाऊक नव्हती. बहिणीसमोर तो त्यांना घरभेदी म्हणाला. त्यानंतर ती भाऊबीजेला रोह्यात आली नाही. समजूत घालायला कासूला मीच गेलो होतो, हे लिहितानाही लाज वाटते.

पुढे मोबाइल आले. माझ्याकडचे उरलेले गेम कुणी विचारेना.

गेल्या महिन्यात रोह्याला गेलो. मित्र आता मोबाइलची कव्हरं विकतो. सगळं सांगितलं, तर हसायला लागला.

"म्हातारपणी पुण्य कमवतोस काय? दाजींनी पाठवला ना तुला?"

"नाय रे. फोन मी केला. मखराखाली खोकी बघितली मी."

"मखराचं मीच तर तुला सांगितलं, नंतर. तुझ्याच दुकानात बसून रडलो. इसरलास?"

ते खरं होतं. दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता.

"चहा घे," तो म्हणाला. "तू असलं करायचा नायस. आणि त्यांना सांग, माणसं पाठवू नका."

परतीच्या गाडीत कासू आलं. दाजी अजून आहेत तिथे, बहीणही आहे. त्यांच्यावरचा आळ पुसायला गेलो आणि आणखी घट्ट करून आलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? उठून दारापर्यंत गेलो. गाडी सुटली, तसा जागेवर येऊन बसलो.