आक्काच्या स्टार्टरची कॉइल

निपाणीत आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, पिठाची गिरणी होती. मेव्हणे अचानक गेले आणि गिरणी तिच्या गळ्यात पडली. तिच्या दिराचं एकच पालुपद, "वैनी, मशीन हे बाईमाणसाचं काम न्हाय." त्यांना तिथं तंबाखूची वखार करायची होती. मी कॉलेजसाठी आक्काकडं राहायची, आणि त्या गृहस्थांचा मला मनस्वी राग यायचा.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आक्कानं शेजारी मिरची कांडायचं यंत्र बसवलं. बायका खूश झाल्या आणि गिरणीच्या स्टार्टरची कॉइल जळाली. स्टार्टर म्हणजे भिंतीवरची लोखंडी पेटी. तिच्यातलं तारेचं रीळ म्हणजे कॉइल. हिरवं बटण दाबलं की तिच्यात वीज खेळते, ती लोखंडाचा तुकडा ओढून धरते आणि मोटर चालते. मिस्त्रींनी नवी कॉइल घातली, तीही जळाली. मिस्त्री म्हणाले, व्होल्टेजच कमी येतंय. दीर म्हणाले, "तिसरी घाला. ही जळली तर मातूर कुलूप." आणि खरंच कुलूप घेऊन आले. येताना घरच्या गव्हाचा डबाही रांगेत ठेवायला विसरले नाहीत.

तिसरी कॉइल बसली. बटण दाबताच पेटी घर्रर्र करत थरथरू लागली. आक्कानं घाईनं लाल बटण दाबलं, मेन स्विच पाडला, फ्यूज काढून ओच्यात घेतले आणि झाकण उघडून वाकली. तिला सणसणीत शिंक आली. मग मिस्त्रींना, मग मला. दिरांच्या तर थांबेनात. मी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. आक्का हसली नाही.

"मिस्त्री, मिरची हितं काय करत्या?"

तो लोखंडाचा तुकडा आणि कॉइलमधलं लोखंड जिथं एकमेकांना भिडायचे, तिथं पिठाची आणि मिरचीची तेलकट साय धरली होती.

"लोखंड भिडंना, म्हणून कॉइल जीव खाऊन ओढत्या," आक्का म्हणाली, "आन् ओढून ओढून जळत्या."

"व्हय आक्का," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले, "आसंच आसणार."

कोरड्या चिंधीनं दोघांनी ते लख्ख पुसलं. पुन्हा आत धूळ शिरू नये म्हणून झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. आक्कानं फ्यूज परत घातले, मेन चढवला, मला जवळ बोलावलं आणि झाकण लावायच्या आधी हात लांबवून बटण दाबलं.

टक्क!

कुणाचा हात लागला नव्हता, तरी लोखंड उडी मारून जाग्यावर बसलं. आक्कानं बोट काढलं. लोखंड सुटलं नाही. घरघर नाही, थरथर नाही. विद्युतचुंबक हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केलेला, पण ती केसासारखी तार आणि तिची ती न दिसणारी पकड बघून माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, देवळातसुद्धा मला असं कधी झालेलं नाही.

कॉइल जळायची वाट बघत दीर बाकड्यावर बसून राहिले. डब्यामागून डबे दळून झाले. शेवटचा त्यांचाच होता.

"बारीक झालंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हात घालून बघा की, भावजी."

त्यांनी गरम पिठात हात घातला आणि डबा उचलला. बाकड्यावर राहिलेलं कुलूप आक्कानंच आठवणीनं त्यांच्या हातात दिलं.