तीस सेंटिमीटरच्या खालचं जंगल

नाजिया शेख जंगल मोजायची. चंद्रपूरला आरामशीनवर लाकडं चिरणाऱ्या गफ्फारमियांची ही लेक वनशास्त्र शिकली, शास्त्रज्ञ झाली, आणि उन्हाळे असे तापत चालले तर जंगलाचं काय होतं ते पाहायला गडचिरोलीच्या आतल्या एका गावात येऊ लागली. एकोणीस वर्षं झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला यायचं, नंबरचे पत्रे ठोकलेल्या झाडांना छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा. सोबत गावचा लालसू. तो नसता तर बाई पहिल्याच दिवशी वाट चुकली असती, हेही सांगून टाकतो.

बाई परत निघताना लालसू दरवेळी विचारायचा, "जंगल टिकते ना, बाई?"

"टिकतंय, लालसूभाऊ. घेर वाढतोय." अगदी छातीठोकपणे. कागद हातात होता ना!

लालसू उगाच विचारत नव्हता. त्याचा थोरला चैतू तेलंगणात कामाला जातो म्हणून हटून बसला होता. बापाने बाईच्या शब्दावर त्याला अडवलं, लग्न लावलं, मोहफुलं आणि तेंदूपानं विकण्याच्या भरवशावर गावातच ठेवलं.

यंदा मोह लवकरच गळायला लागला. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची इथली रीत. त्या काळ्या जमिनीवर फुलं वेचता वेचता लालसूची बायको मंगली म्हणाली, "बाई, तुमी दरसाल मोठेच झाडं मोजता. बारके काऊन नाई मोजत?"

नाजिया हसली. तीस सेंटिमीटरहून कमी घेराचं झाड मोजायचं नाही, असा नियमच होता. तिनेच लिहिलेला.

"मंग मोजू नका. पन एक दाखवा तरी मले. मोहाचं बारकं."

एवढंसं तर काम! ती आणि लालसू तीन दिवस फिरले. आज्याच्या वेळची झाडं फुलांनी लदलेली, आणि खाली एक पोर नाही. आगीनं मेलं म्हणावं, तर नाल्यापलीकडे चार वर्षं आग शिरली नव्हती. तिथे रोपं सापडली खरी. पावसात उगवलेली, उभ्या जागी वाळलेली. बोटात धरली की मोडत होती. उन्हानं खाल्ली होती ती.

एकोणीस वर्षं नाजिया म्हाताऱ्यांची तब्येत लिहीत बसली, आणि घरात पाळणाच हलत नाही हे तिला दिसलं नव्हतं! तिला स्वतःचा असा संताप आला, की वही नाल्यात भिरकावावी.

पण सांगावं तर लागणारच होतं. लालसूच्या अंगणात बसून तिने सगळं सांगितलं. चूक माझी, हेही.

"किती वर्सं?" लालसूने विचारलं.

"ही झाडं आहेत तोवर. पाला जाळणं आजच थांबवा, भाऊ. पण तेवढ्यानं भागेल, असं मी आता म्हणणार नाही."

"चैतूले दोन लेकरं झाले. तुमच्या शब्दावर ठेवलं मी त्याले. आता काय सांगू?"

"जाऊ द्या त्याला," ती म्हणाली. जंगलासाठी जन्म घालवलेल्या बाईच्या तोंडून हे निघालं.



"तो जाईन. त्याचे हातपाय चालतेत," मंगली म्हणाली. "अन् आमी, बाई?"