वरचे दात

गारगोटीच्या एसटी स्टँडवर आई मला सोडायला आली ती डेअरीला दूध घालून तशीच, हातात रिकामी किटली घेऊन. सहा वर्षं झाली त्याला. कोल्हापूर काही साता समुद्रापलीकडे नव्हतं. पण नोकरीसाठी बाहेर पडणारी आमच्या घरातली मी पहिलीच. गाडी सुटताना आईनं खिडकीतून हात घालून माझा दंड धरला. जेवणाचं नाही, रस्त्याचं नाही, एवढंच म्हणाली, "दातांस्नी कुणाला हात लावू देऊ नगंस."

माझे पुढचे दात ओठांत मावत नव्हते, हे शाळेत आपल्या वर्गाला माझ्या नावाआधी ठाऊक होतं. मामाची गोष्ट मात्र गाव सोडून गेलेले तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. माझ्या मामानं बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून वरचा दात उपटून घेतला आणि त्याच वर्षी त्याचा एक डोळा गेला, मग दुसरा. डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. दाताचा काही संबंध नाही, हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, भावंडांचे डोळे तपासून घ्या, असंही बजावलं. घरी येईपर्यंत त्यातलं काहीच उरलं नाही. वरचा दात हलला की डोळा जातो, एवढंच आमच्या घरानं धरून ठेवलं. आईचे सगळे दात जागेवर होते, त्यामुळे ती स्वतःपुरती निर्धास्त होती.

राजारामपुरीतल्या साड्यांच्या दुकानात मी कामाला लागले. गावात हसताना तोंडावर हात ठेवायची सवय होती. इथं दोन्ही हात साडी उलगडण्यात, म्हणून हसणंच सोडलं. भोवती आरसेच आरसे. मालकीणबाई चांगल्या होत्या, पण गिऱ्हाइकाशी हसून बोलत जा, असं त्यांनाही अधूनमधून सांगावं लागायचं. चार वर्षं अशी काढली आणि एक दिवस दातांच्या डॉक्टर मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसले.

त्यांनी तारा दाखवल्या आणि अलायनरही दाखवले. अलायनर म्हणजे दातांवर चपखल बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं कवच. दर दोन आठवड्यांनी पुढच्या नंबरचं घालायचं, जेवताना काढायचं, बाकी दिवसरात्र तोंडात. तारा लांबून दिसतात, हे दिसत नाही. मी हे निवडलं ते गिऱ्हाइकांसाठी नव्हे. आईला कळू नये म्हणून निवडलं.

पहिल्याच सकाळी वरचा दात ठणकत होता आणि कळ थेट डोळ्याखाली जात होती. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की दात हाडातून केसाएवढा सरकतो, दुखणार, थोडा हललाही तर घाबरू नकोस. मी घाबरले. माझ्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीसमोर मसाला कांडपाची पाटी आहे. एक डोळा झाकून तिच्यावरची सगळ्यांत बारीक ओळ वाचली, मग दुसरा झाकून वाचली. त्यानंतर एकही सकाळ चुकली नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, दात आणि डोळा यांचा संबंध नसतो हे मला कळत होतं. भीतीला ते कळत नव्हतं. ढगाळ दिवशी अक्षरं जरा पुसट दिसली की चहा तसाच ठेवून पुन्हा खिडकीशी जायचे.

वर्षभर हे चोरून चाललं. गावी गेले की जेवायच्या आधी गुपचूप काढायचं आणि जेवल्यावर परसात जाऊन बसवायचं. एकदा जेवायला बसतानाच शेजारच्या काकू आल्या, त्या घाईत मी ते मोरीजवळच्या पेल्यात पाणी घालून ठेवलं. आता आमच्या घरची रीत बघा. दुधाचं घर, त्यामुळे भांडं नुसतं धुतलेलं चालत नाही. आधणाच्या पाण्यानं खंगाळलं नाही तर दूध नासतं, म्हणून किटली असो की पेला, आई वरून उकळतं पाणी ओततेच. जेवून परसात हात धुऊन मी आले तेव्हा ती त्या पेल्यापाशी उभी होती आणि तिच्या तळहातावर माझं अलायनर सुकल्या पानासारखं वळून पडलं होतं.

"मला त्यात काय दिसलंच न्हाय," ती म्हणाली. "हे काय हाय?"

मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल, रडेल, असं वाटलं होतं. तिनं माझा डावा डोळा हातानं झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "वाच." मी तिथी वाचली. मग उजवा झाकला. "वाच." तिच्या हाताला दुधाचा वास होता.

आधीच्या नंबरचं अलायनर कोल्हापुरात राहिलं होतं. ते लगेच घातलं नाही तर दात जुन्या जागी परतायला लागतील, असं मी सांगितलं, तर तिनंच मला पुढच्या गाडीत बसवलं. तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉल. जेवलीस का हे नंतर, आधी ती कॅलेंडर मोबाईलपुढं धरायची आणि मी एकेक डोळा झाकून वाचायचं. माझी भीती आम्ही दोघी मिळून वाहत होतो, आणि खरं सांगते, त्यामुळे ती हलकी झाली होती.

दात सरळ झाले. दुकानात हसते. वर्गाच्या ग्रुपवर फोटो बघून तुम्ही विचारलंत, म्हणून हे लिहायला घेतलं; पण लिहायचं कारण वेगळंच झालंय.

गेल्या रविवारी आईनं कॅलेंडर उलटं धरलं. खालचं वर. मी म्हटलं, आई, सरळ धर की. ती म्हणाली, सरळच हाय. मला तो पेला आठवला, त्यात काय दिसलंच न्हाय म्हणाली होती ते आठवलं, आणि मामा आठवला. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून पहिली गाडी धरली.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिला कॅलेंडरपुढं बसवलं. डावा डोळा झाकला. तिनं डोळा बारीक करत, अडखळत मोठे आकडे वाचले. मग उजवा झाकला.

तिनं हात पुढं करून कॅलेंडर चाचपलं. माझ्या हाताखाली तिची पापणी फडफडत होती.

"पर माझा एकबी दात हलला न्हाय गं," ती म्हणाली.

उद्या सकाळच्या गाडीनं तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोल्हापूरला आणते आहे. म्हशी शेजारच्या काकू बघणार आहेत. गेलं वर्षभर मला वाटायचं, घर म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत ना हे विचारणारं माणूस जिथं आहे ते. आता ते माणूस माझ्या खोलीत राहायला येतंय, आणि खिडकीतून समोरची पाटी वाच, असं त्याला कसं सांगायचं, ते मला कळत नाही.