चिकूला थांबवलं नाही

आज दुपारी मी चिकूला मारायची परवानगी दिली.

असंच लिहिते. 'पुट डाउन केलं' म्हटलं की ऐकायला मऊ वाटतं. सही मी केली, मला काही मऊ वाटलं नाही.

चिकू म्हणजे आमच्या लेकीचा, प्रज्ञाचा पोनी, लहान चणीचा घोडा. रंग अगदी चिकूचा, म्हणून तिनं लहानपणी ठेवलेलं नाव. शोमध्ये त्याचं एक भारदस्त इंग्रजी नाव पुकारायचे, पण त्या नावाला त्यानं कधी कान हलवला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हंटर पोनीचा शो म्हणजे रेस नव्हे. मुलं पोनीवर बसून छोटे छोटे अडथळे ओलांडतात आणि परीक्षक बघतात, पोनी किती निवांत आहे. पहिल्या उडीला जी चाल, तीच शेवटच्या उडीला. विशेष काही घडतच नाहीये, असं वाटलं पाहिजे.

आणि अशा खेळाच्या नशिबी मी. जिला चहा उकळेपर्यंत धीर नाही.

मी कुंपणाशी उभी राहून पर्सची चेन उघड-बंद करायचे, की चिकूचा एक कान माझ्याकडे वळायचा. गेली लय. शेवटी कॅरलनं, म्हणजे ट्रेनरनं, हसत हसत मला पार्किंगमध्ये हद्दपार केलं. प्रज्ञाला पहिली निळी रिबन, म्हणजे पहिला नंबर मिळाला, ते मला गाडीत बसून टाळ्यांवरून कळलं.

मग प्रज्ञा उंच झाली, पोनी लहान पडला. अशा वेळी लोक पोनी विकतात, दुसऱ्या कुणाच्या मुलीला देतात. आम्ही ठेवला. मैत्रिणी म्हणाल्या, वेड लागलंय तुम्हाला. लागलंच होतं.

प्रज्ञा कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात, जॉर्जियाला गेली आणि चिकू आमच्या कॅरी गावाबाहेर कॅरलच्या बार्नमध्ये, तबेल्यातच म्हातारा झाला. रविवारी गाजरं घेऊन मीच जायचे. आमचं फार सख्य नव्हतं. गाजर संपलं की तो सरळ पाठ फिरवायचा.

आज सकाळी कॅरलचा फोन आला. चिकूचं पोट दुखतंय, सारखा खाली पडून लोळतोय, ये. माझा नवरा अजय ऑफिसच्या कामानं बाहेरगावी. मी प्रज्ञाला कळवलं आणि एकटीच ड्राइव्ह करत गेले.

अशा दुखण्यात घोड्याला लोळू देत नाहीत, चालवतात. कॅरलनं दोरी माझ्या हातात दिली. मी आणि चिकू गोल गोल चालायला लागलो.

कॅरलनं बोलावलेल्या घोड्यांच्या डॉक्टर बाईंनी तपासलं. आतडं पिळलंय, या वयात ऑपरेशन सोसणार नाही. दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं, पण ते फार वेळ पुरणार नाही, त्याला आता सोडवू या म्हणाल्या.

मी सांगितलं, मुलगी निघाली आहे. ती येईपर्यंत थांबू.

आपल्याकडे थांबतात ना! लेक लांबून येतेय म्हटलं की सगळं घर थांबतं. बर्फाच्या लाद्या आणतील, पण थांबतील. माझे बाबा नागपुरात गेले तेव्हा मात्र घरच्यांना माझ्यासाठी थांबता आलं नाही. मी पोचले तेव्हा समोर फोटो होता आणि मेणबत्ती. ते मला अजून खुपतं. प्रज्ञाच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून चालवत राहिले. तो थांबला की दोरी ओढायची. चल रे, ताई येतेय.

घामानं तो भिजून गेला होता. इंजेक्शन उतरत चाललं होतं. त्याला आता सोडवू या का, डॉक्टर बाईंनी पुन्हा विचारलं; मी पुन्हा तेच सांगितलं.

मग चिकूचे पुढचे गुडघे वाकले.

मी दोरी ओढली. आणि तो उठला. मी ओढलं म्हणून उठला बिचारा.

तिथे माझा धीर सुटला. प्रज्ञाला फोन लावला. ती हायवेवर होती. मी सांगायला लागले की अजून उभा आहे तो, तू सावकाश ये, आम्ही थांबवून ठेवलंय त्याला.

तिनं मध्येच विचारलं, "आई, इज ही इन पेन?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

गाडीच्या आवाजातून ती म्हणाली,

"देन डोन्ट वेट फॉर मी. प्लीज, आई. आत्ताच कर."

केलं. दोरी माझ्याच हातात होती. वाटलं होतं त्याहून फार लवकर झालं.

प्रज्ञा आली तेव्हा त्याच्यावर चादर घातलेली होती. ती चिडेल, रडेल, असं धरून मी आधीच भराभर बोलायला लागले. तिनं काही ऐकलं नाही. चादर थोडी बाजूला करून ती जमिनीवर बसली आणि त्याच्या आयाळीच्या वेण्या घालायला लागली. शोच्या दिवशी घालतात तशा, बारीक आणि घट्ट. मी लोकरीचे धागे तोडून तिच्या हातात देत होते.

अर्धी मान झाल्यावर ती म्हणाली, "आय ॲम ग्लॅड मी गाडीत होते. इथे असते ना, तर मी तुला करूच दिलं नसतं."

मी पुढचा धागा दिला.

सगळ्या वेण्या होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो होतो.

चिकू, आमच्या लेकीला तू कधी पडू दिलं नाहीस. अजयची, प्रज्ञाची आणि माझी तुला मनापासून आदरांजली.