पितृपक्षाच्या आधी

उल्हासनगरला माझं पोळीभाजी केंद्र आहे. गेल्या पितृपक्षात एक पोरगा रोज दुपारी जेवायला यायचा. सॅक दोन्ही पायांत घट्ट धरून बसायचा. सॅकला विमानाची पट्टी तशीच होती. नाव मी कधी विचारलं नाही.

"कुठं निघालास रे?" एकदा म्हटलं.

"जाऊन आलो, मावशी. व्हिसा पितृपक्षात सुरू होणार होता. आई म्हणाली, या दिवसांत घर सोडायचं नाही. म्हणून आधीच गेलो, तर तिकडच्या विमानतळावरूनच परत पाठवलं."

घर बदलापूरजवळ चामटोलीला. पण तिथं नाक्यावर त्याला परदेशगमनाच्या शुभेच्छा देणारा बॅनर लागलेला, म्हणून घरी काही न कळवता हा इथं लॉजवर. मला राग आला, पण काढणार कुणावर?

सर्वपित्रीला त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून तो हसला. तेवढ्यात पत्र्यावर कावळा ओरडला.

"तिकडंही कावळे आहेत?"

"आहेत ना, आई."

"मग बाबांसाठी तिथंच घास ठेव, बाळा. इथं सकाळपासून एकही शिवला नाही."

फोन ठेवून त्यानं ताटातली पोळी बाहेर कट्ट्यावर ठेवली. कावळा लगेच शिवला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "बाबांना कळलंय, मी कुठं आहे ते."