आत्याचं मंगलाष्टक

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ‘कार्ड एरर’ आलं आणि शटर लॉक झालं. समोर अंतरपाट धरलेला, दादरचं अख्खं कार्यालय अक्षता घेऊन उभं, आणि भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर.

माझा हा डीएसएलआर चांगलाच महागडा. त्यात दोन मेमरी कार्डं बसतात, प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरतो. एक गेलं तरी दुसऱ्यावर फोटो शाबूत. क्लायंटना मी हे फुशारकीने सांगते. मात्र एक कार्ड बिघडलं की ते काढेपर्यंत हा पठ्ठ्या क्लिकच करत नाही, हे सांगत नाही.

नवरीने, केतकीने, सकाळीच बजावलं होतं, “ताई, अल्बम नसला तरी चालेल. अंतरपाट निघताना बाबांचा चेहरा पाहिजे.” बाबांना परळच्या हॉस्पिटलमधून तेवढ्यापुरतं आणलं होतं. अक्षता पडल्या की परत. त्यांची व्हीलचेअर लांब, दारापाशी. एवढ्या लांबून चेहरा टिपणारी लेन्स याच कॅमेऱ्यावर होती.

मंगलाष्टक संपलं. मी ओरडले, “भटजी, एक मिनिट!”

“मुहूर्त कॅमेऱ्यासाठी थांबतो काय हो?”

तेवढ्यात व्हीलचेअरमागून बाबांच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला, “भटजीनु, माजां एक रवलां!”

या आत्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. त्यांचा सूर माहीत असल्याने घरच्यांनी त्यांना शिताफीने टाळलं होतं. एरवी अशा हौशी नातेवाइकांवर मी चरफडायचे, ‘आवरा’ म्हणायचे.

“आत्या, म्हणा! सगळं म्हणा!”

भटजींनी घड्याळ पाहिलं. “म्हणा, पण आटपा.”

मी कॅमेरा बंद केला, झाकण उघडलं, खराब कार्ड उपसलं. पुन्हा ऑन केला. स्क्रीन काळीच. तिकडे आत्यांनी वरचा सूर लावला आणि तो भलतीकडेच गेला. कार्यालयात खसखस पिकली. मला रडू येत होतं.

स्क्रीन उजळली. लेन्स दाराकडे वळवली, बाबांच्या डोळ्यांवर फोकस लावला आणि बोट दाबून धरलं. असं धरलं की हा कॅमेरा धडाधड फोटो काढत सुटतो. बाबा बहिणीकडे मान वळवून खदखदून हसत होते. अंतरपाट निघाला, त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि डोळे पुसले. दोन्ही फोटो मिळाले.

महिन्याभरात बाबा गेले. हार घालायच्या फोटोसाठी केतकीचा फोन आला. “ताई, डोळे पुसतानाचा नको. हसतानाचा दे.”

मी फ्रेम घेऊन गेले तेव्हा आत्यांनी पदराने काच पुसली. म्हणाल्या, “तो अजून माज्या गाण्याक हसता.”

आता मी दर लग्नाआधी दोन्ही कार्डं तपासते. आणि मंगलाष्टकं आवरा, असं कुणालाही सांगत नाही.